जूनमधल्या उन्हावर विसंबून रोपे लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृगाचा पाऊस पडला की रोपवाटिकांत पाय ठेवायला जागा उरत नाही. मोगरा, जास्वंद, गुलाब, कढीपत्ता, लिंबू घरी येतात. अंगणात जिथे ऊन दिसते तिथे खड्डा घेतला जातो, शेणखत पडते, रोप उभे राहते. श्रावणात ते तरारलेले असते. दिवाळीनंतर मात्र पाने पिवळी पडू लागतात, शेंडे बारीक होतात, कळी धरत नाही. मग माती बदलली जाते, खत वाढवले जाते आणि शेवटी ‘माझ्या हाताला गुण नाही’ म्हणून कुंडी जिन्याखाली जाते. बहुतेक वेळा मातीही बरी असते आणि हातही. चुकलेले असते ते ऊन. आपण लावणी करतो तो महिना उन्हाच्या बाबतीत वर्षातला सर्वांत फसवा महिना आहे, हे याचे मोठे कारण. याविषयी सविस्तर लिहिणे गरजेचे वाटते. पत्र लांबले आहे, तरी जागा द्यावी.

पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, मुंबई एकोणीसवर. सारा महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला येतो. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा आपल्या बरोबर डोक्यावरून जातो. पुण्या-मुंबईत हे शून्य सावलीचे दिवस मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस येतात. मधल्या अडीच महिन्यांत सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे नेमक्या लावणीच्या दिवसांत इमारतीच्या उत्तरेच्या भिंतीवर सकाळीही ऊन असते आणि संध्याकाळीही. दुपारी तर भिंतीच्या पायथ्याशीसुद्धा सावली नसते. बघणाऱ्याला वाटते, काय छान उन्हाची जागा आहे! पण सप्टेंबरच्या तेवीस तारखेच्या सुमारास सूर्य विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला गेला की थेट २१ मार्चपर्यंत त्याच भिंतीवर उन्हाची एक तिरीपही पडत नाही. दक्षिणेच्या भिंतीचे बरोबर उलटे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तिच्यावर थेट ऊन नसते, म्हणून जूनमध्ये ती जागा सावलीची समजून तिथे नेचे लावले जातात, आणि डिसेंबरात ते करपतात. इंग्लंड-अमेरिकेतले बागकामाचे व्हिडिओ ‘दक्षिणेचे अंगण म्हणजे बारमाही ऊन’ असे सांगतात. त्यांच्याकडे दुपारचा सूर्य कधीच उत्तरेला जात नाही, त्यामुळे तिकडे ते खरे आहे. आपल्याकडे ते जसेच्या तसे लागू करता येत नाही.

आता आकड्यांत. डिसेंबरच्या बावीस तारखेच्या आसपास पुण्यात दुपारचा सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो. त्या वेळी कोणत्याही वस्तूची सावली उत्तरेकडे तिच्या उंचीच्या नऊ-दशांश पडते. चार मजली, ४० फुटी इमारत असेल तर उत्तरेकडे ३६ फूट भर दुपारी सावली. सकाळी साडेनऊला आणि दुपारी साडेतीनला सावली उंचीच्या पावणेदोन पट होते, फक्त ती तिरकी पडते. नागपूरला, अक्षांश जास्त असल्याने, डिसेंबरात जेवढी उंची जवळपास तेवढीच सावली. गोव्यात थोडी कमी, उंचीच्या चार-पंचमांश. मार्च आणि सप्टेंबरात, दिवसरात्र समान असताना, पुण्यातली हीच सावली उंचीच्या एक-तृतीयांशावर येते. ४० फुटी इमारतीची १३ फूट. एप्रिलच्या मध्यात ती सहा फुटांवर आलेली असते.

छत्तीस आणि तेरा या दोन आकड्यांवरून अशा ४० फुटी इमारतीच्या उत्तरेकडच्या जागेचे तीन पट्टे पाडता येतात. भिंतीपासून १३ फुटांपर्यंतचा पट्टा, तेरा ते छत्तीस फुटांचा पट्टा, आणि त्यापलीकडची खरी बारमाही उन्हाची जागा. यातला मधला पट्टा सर्वांत जास्त वाया घालवला जातो. इथे हिवाळाभर सावली असते, पण मार्चपासून सप्टेंबरपर्यंत भरपूर ऊन असते. अशा जागी काय लावायचे हे ठरवताना ‘या झाडाला किती ऊन लागते’ एवढाच प्रश्न पुरत नाही. ‘कोणत्या महिन्यांत लागते’ हे विचारावे लागते.

मोगरा घ्या. तो नव्या फुटव्यांवर फुलतो. जानेवारीअखेर पाणी कमी करून, पाने गाळून, फेब्रुवारीत छाटणी केली आणि मग खतपाणी दिले की मार्च ते जून बहर येतो. त्याला रोज सहा तास ऊन हवे, पण ते हवे याच काळात. डिसेंबरात तो अर्धवट विश्रांतीत असतो. म्हणून मोगरा या मधल्या पट्ट्यात उत्तम चालतो. तिथेच गुलाब लावला तर फसतो. आपल्याकडे गुलाबाची मुख्य छाटणी ऑक्टोबरात होते, साधारण दीड महिन्याने फुले धरतात आणि बहर हिवाळाभर चालतो. नेमक्या त्याच काळात त्या पट्ट्यात सूर्य येत नाही. गुलाबाला पूर्वेची किंवा दक्षिणेची बाजू द्यायला हवी. शेवंतीचे तसेच, टोमॅटोचे तसेच, पिटुनियासारख्या हिवाळी मोसमी फुलांचेही तसेच. जास्वंद बारा महिने फुलते, म्हणून तिला बारा महिने ऊन हवे. तिच्याबाबतीत तडजोड नाही. लिंबाला आणि कढीपत्त्यालाही नाही.

भिंतीलगतचा पहिला पट्टा पावसाळी झाडांना द्यावा. सोनटक्का पावसाळ्यात वाढतो आणि फुलतो, ओलावा मागतो, कडक ऊन नको म्हणतो आणि हिवाळ्यात मंदावतो. हळद अक्षय्यतृतीयेच्या सुमारास लावली तर तिची पाने जानेवारीपर्यंत आपोआप वाळतात. ऊन नसलेल्या काळाच्या उत्तरार्धात ती जमिनीखाली असते. अळू, आले, गुलबक्षी याच रांगेतले. गौरींसाठी तेरडा हवा असेल तर जूनमध्ये बी टाका. ऊन हटायच्या आत तो फुलून मोकळा झालेला असतो.

डिसेंबरातले ऊन जूनमध्ये कसे ओळखायचे? दोन उपाय आहेत आणि दोन्हींना पैसे लागत नाहीत.

पहिला मुठीचा. रोप लावायच्या जागी खाली बसा, कारण रोपाची उंची तुमच्या डोळ्यांएवढी नसते. दक्षिणेकडे तोंड करा, हात पूर्ण ताठ करून मूठ मिटा आणि मुठीचा खालचा कड क्षितिजाच्या पातळीला धरा. एका मुठीची उंची साधारण दहा अंश. मुठीवर मूठ चढवत पाच मुठी मोजा. पाचव्या मुठीच्या वरही समोरची इमारत, भिंत किंवा दाट आंबा दिसत असेल तर डिसेंबरात त्या जागी दुपारचे ऊन येणार नाही. मग आग्नेयेकडे आणि नैर्ऋत्येकडे तीन मुठी मोजा. सकाळी साडेनऊ आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य तिथे असतो.

दुसरा उपाय चंद्राचा. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो, म्हणून वटपौर्णिमेच्या रात्री चंद्र आकाशातून ज्या वाटेने जातो, जवळपास त्याच वाटेने डिसेंबरात सूर्य जातो. पाचेक अंशांपर्यंत फरक पडू शकतो, तेवढा धरून चालावे. रात्री दहाला जिथे चांदणे आहे तिथे हिवाळ्यात सकाळी दहाच्या आसपास ऊन असेल, मध्यरात्री जिथे आहे तिथे दुपारी. रस्त्यावरच्या दिव्यांमुळे चांदणे कळत नसेल तर जागेवर बसून चंद्र दिसतो का एवढेच पाहा. वटपौर्णिमेला आभाळ येण्याची भीती वाटत असेल तर त्याआधीच्या बुद्धपौर्णिमेलाच पाहून ठेवावे, तो चंद्र साधारण नोव्हेंबरातल्या सूर्याची वाट दाखवतो.

ज्यांना वर्षभर थांबता येईल त्यांनी अर्थातच प्रत्यक्ष नोंद ठेवावी. मार्च, मे आणि डिसेंबर या तीन महिन्यांत एकेक निरभ्र दिवस निवडा. सकाळी सातपासून सहापर्यंत दर तासाला जागेच्या कच्च्या नकाशावर तीन खुणांपैकी एक करा: थेट ऊन, कवडसे, सावली. कवडशांचा तास अर्धा धरा. बेरीज सहा किंवा अधिक आली तर पूर्ण उन्हाची जागा, तीन ते पाच आली तर अर्धसावली, त्याखाली सावली. सावली किती दाट आहे हे पाहायला दुपारी पांढऱ्या कागदावर फूटभर उंचीवर हात धरा. बोटे स्वच्छ उमटली तर उजेड भरपूर आहे, नुसता पुसट डाग दिसला तर मध्यम आणि काहीच उमटले नाही तर तिथे फुलझाडाचा हट्ट सोडावा.

तीन तास सकाळचे आणि तीन तास दुपारचे सारखे नसतात, हेही लक्षात घ्यावे. पूर्वेच्या उन्हात अनंत, अबोली, तगर खुलतात. तोच अनंत पश्चिमेला ठेवला की एप्रिलमध्ये कळ्या उमलायच्या आधी तपकिरी होऊन गळतात. पश्चिमेला बोगनवेल, अडेनियम, कण्हेर, देवचाफा द्यावा. तिथे कुंडी काळ्या प्लॅस्टिकची नको; दुपारच्या उन्हाकडच्या बाजूची मुळे अक्षरशः शिजतात आणि पाणी घालूनही झाड माना टाकते. मातीची कुंडी घ्यावी, नाहीतर काळ्या कुंडीला बाहेरून गोणपाट गुंडाळावे.

गच्ची म्हणजे उन्हाचे भांडार, असाही समज आहे. गच्चीचा दक्षिणेकडचा कठडा साडेतीन फुटांचा असेल तर डिसेंबरात त्याची दुपारची सावली तीन फुटांहून जास्त पडते. कठड्याला चिकटून कुंड्यांची सुबक ओळ मांडली की ती सगळी ओळ सावलीत! टोमॅटोचे रोप एक फूट असते तेव्हा त्याला ऊन मिळत नाही, ते उजेडाच्या ओढीने लांबुळके होते आणि कठड्याच्या वर डोके काढेपर्यंत खोडात जोर राहत नाही. कुंड्या चार फूट आत सरकवा किंवा दोन फुटी स्टँडवर चढवा. भरीव कठड्याच्या दक्षिण बाल्कनीतही हेच. वरचा स्लॅब नऊ फुटांवर आणि कठडा तीन फूट असेल तर हिवाळ्यातल्या दुपारी ऊन कठड्यापासून साधारण पावणेतीन फुटांवर सुरू होते आणि आठ फुटांपर्यंत आत येते. कुंडी तिथे हवी. उन्हाळ्यात याच बाल्कनीत ऊन येत नाही, तेव्हा तिच्याकडून मोगऱ्याची अपेक्षा करू नये.

शेवंतीबद्दल एक वेगळी गोष्ट सांगायला हवी, कारण हल्ली तिच्या तक्रारी फार ऐकू येतात. दिवसा सहा तास ऊन मिळूनही तिला कळ्या येत नसतील तर रात्री तिथे उभे राहून पाहा. शेवंतीला कळी धरण्यासाठी लांब आणि अखंड काळोखाची रात्र लागते. कंपाउंडवरचा पांढरा एलईडी दिवा तिच्यावर रात्रभर पडत असेल तर तिच्या हिशेबी रात्र होतच नाही. ती नुसती पाने वाढवत राहते. दिव्याला कडेने पत्र्याची झडप लावा किंवा कुंडी दिव्याच्या टप्प्याबाहेर न्या.

झाडांखालच्या सावलीला मात्र इमारतीच्या सावलीचा हिशेब लागू होत नाही. गुलमोहराखाली उन्हाळ्याच्या तोंडाशी पानगळीमुळे ऊन उतरते, आंब्याखाली कधीच उतरत नाही. शिवाय खाली मुळांची गर्दी असते, त्यामुळे तिथली सावली बहुधा कोरडी असते आणि ओलावा मागणारे नेचे तिथे टिकत नाहीत. अनेक सोसायट्या आणि उद्याने पर्जन्यवृक्षाखाली दरवर्षी नव्याने लॉनचे तुकडे आणून अंथरतात आणि वर्षाच्या आत तिथे माती उघडी पडते. लॉनचे गवत हे उघड्या माळाचे पीक आहे. त्याला कितीही पाणी मारले तरी सावलीत ते विरळच होणार. तिथे सिंगोनियम, ड्रॅसिना, स्नेक प्लांट लावावेत किंवा सरळ पालापाचोळा पसरून ठेवावा. उड्डाणपुलाखालच्या जागेत तर ऊनही नाही आणि पाऊसही नाही. तिथे बोगनवेल लावणे म्हणजे तिला हळूहळू मारणे आहे.

सावलीचे शास्त्र आपल्या मुलखाला नवे नाही, याची आठवण ठेवायला हवी. गोव्याच्या कुळागरात माडा-पोफळींच्या खाली केळी, त्याखाली अननस आणि पोफळीच्या खोडावर मिरी, अशी उजेडाची उतरंड पिढ्यान्‌पिढ्या लावली जाते. रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राची ‘लाखी बाग’ही याच तत्त्वावर उभी आहे: पंचवीस फुटांवर लावलेल्या माडांमधून जो उजेड गळतो त्यावर जायफळ, दालचिनी, मिरी घ्यायची. पश्चिम महाराष्ट्रातल्या पानमळ्यांत नागवेलीच्या आधी शेवरी, शेवगा, हादगा, पांगारा लावतात. ते वेलीला आधार देतात आणि उन्हातली धारही मोडतात. शहरातल्या उत्तरेच्या बाल्कनीत नागवेल छान येते ती याचमुळे, आणि गच्चीवर तिची पाने पिवळी, जाड आणि तिखट होतात तीही याचमुळे.

आता चुकल्याच्या खुणा. ऊन कमी पडले तर दोन पानांमधले पेर लांबते, पाने मोठी पण पातळ होतात, खोड एका बाजूला कलते, क्रोटनचे लाल-पिवळे रंग जाऊन तो हिरवा पडतो. ऊन जास्त झाले तर पानाच्या सूर्याकडच्या बाजूला, बहुधा मधोमध, कागदासारखे पांढुरके चट्टे पडतात. कडा आणि टोके करपली असतील तर मात्र आधी पाणी आणि मुळे तपासावीत. सावलीतली झाडे बहुतांशी उजेडाअभावी मरत नाहीत, पाण्याने मरतात. कमी उजेडात झाड पाणी कमी पिते. उन्हातल्या झाडांच्या वेळापत्रकाने त्यालाही रोज तांब्याभर पाणी मिळत राहिले की मुळे कुजतात, पाने पिवळी होतात आणि घरचे ‘सुकले’ म्हणून आणखी पाणी घालतात. बोट दोन पेरांपर्यंत मातीत घाला, कोरडे लागले तरच पाणी. दाट, हवा न खेळणाऱ्या सावलीत भुरी आणि पिठ्या ढेकूणही आधी येतात. तिथे फवारणीपेक्षा जागा बदलणे जास्त उपयोगी पडते.

नर्सरीतून आणलेल्या रोपाचेही एक गणित आहे. उरुळी कांचनच्या परिसरातले असो वा आंध्रातल्या कडियमहून आलेले असो, ते बहुधा हिरव्या शेडनेटखाली वाढलेले असते. त्याची पाने अर्ध्या उन्हासाठी घडलेली असतात. पूर्ण उन्हाचे झाड म्हणून त्याला पहिल्याच दिवशी गच्चीवर ठेवले तर पाने भाजतात. पहिले तीन दिवस फक्त सकाळचा एखादा तास, मग दर दोन दिवसांनी तासभर वाढवत जावे. दोन आठवड्यांत ते रुळते. जुनी पाने कदाचित गळतील, नवी फुटतील ती त्या उन्हाचीच असतील. उन्हाळ्यासाठी बांधलेले पन्नास टक्क्यांचे शेडनेट जूनच्या पहिल्या आठवड्यात सोडून ठेवा. ढगांनी उजेड आधीच घटलेला असतो, त्यात जाळी राहिली तर मिरची-वांग्याची फुले गळून पडतात.

शहरात आणखी एक बदल झपाट्याने होतो आहे. चार मजली इमारत पाडून चौदा मजली उभी राहते, १४० फुटांची. तिची डिसेंबरातली दुपारची सावली सव्वाशे फुटांवर जाते. शेजारच्या अंगणातल्या वीस वर्षांच्या गुलाबांनी एका हिवाळ्यात फुलणे थांबवले तर त्याला रोग समजून औषधे मारू नयेत. पुनर्विकासाचे काम सुरू होताच, पहिला मजला चढण्याआधी, इमारतीची उंची विचारून नऊ-दशांशाच्या हिशेबाने पुढची सावली ओळखता येते, आणि छाटणीच्या वेळी, ऑक्टोबरात, मुळांभोवती मातीचा गोळा राखून गुलाब हलवता येतात.

तीन मागण्या आहेत. महापालिकांनी उद्यानांच्या निविदा काढताना जागेचा डिसेंबर आणि मे महिन्यांतला सावलीचा नकाशा बंधनकारक करावा. झाडांची यादी त्यानंतर ठरावी. आपल्या वृत्तपत्राने बागकामाच्या सदरात प्रत्येक झाडापुढे उन्हाचे तास आणि महिने द्यावेत. आणि रोपवाटिकांनी रोपाला नावाच्या आणि किमतीच्या चिठ्ठीसोबत आणखी दोन ओळी जोडाव्यात. अशा: ‘मोगरा. मार्च ते जून रोज सहा तास थेट ऊन, दुपारचेही चालते. हिवाळ्यात सावली चालेल. पावसाळ्यात बुंध्याशी पाणी साचू देऊ नये.’

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक, पुणे